आधी न्हाणीघर दाखवा
वाचकांचे प्रश्न : ज्येष्ठ निवासातली रोजची व्यवस्था

ठाणे आणि नवी मुंबईतल्या ‘प्रीमियम’ ज्येष्ठ निवासांबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतली काही प्रातिनिधिक पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आई 81 वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, वॉकर घेऊन चालते. घोडबंदर रोडवरच्या दोन निवासांना आम्ही भेट दिली. दोन्हीकडे झकपक लॉबी, बाग, एसी खोल्या. निवड कशावर करायची? — वाचिका, ठाणे (प.)

लॉबीत आई दिवसातून फार तर अर्धा तास बसेल. बाथरूममध्ये ती सात-आठ वेळा जाणार, त्यातल्या दोन-तीन वेळा रात्री, झोपेतून उठून. म्हणून पुढच्या भेटीत थेट खोलीच्या बाथरूममध्ये शिरा आणि दार लावून घ्या.

पहिलं दारच बघा. ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. दार आत उघडत असेल आणि माणूस आत पडून दाराला अडकला, तर बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता आली पाहिजे. दाराची रुंदी किमान 900 मिलिमीटर असावी. ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांबाबत महारेराने (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने) 2024 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही दारासाठी हेच माप आहे. ती तत्त्वं विक्रीच्या घरांसाठी आहेत, पण मोजपट्टी म्हणून कुठेही वापरा. उंबरठा नकोच. वॉकरची पुढची चाकं अर्ध्या इंचाच्या पट्टीलाही अडतात आणि माणूस वॉकरवरून पुढे कोलमडतो.

मग धरायचे दांडे. ते गोल, 32 ते 38 मिलिमीटर जाडीचे असावेत, म्हणजे म्हाताऱ्या हाताची मूठ पूर्ण मिटते. एक कमोडच्या बाजूला आणि एक आंघोळीच्या जागी हवा. तुम्ही स्वतः दांडा धरून सगळं वजन टाकून ओढा. फक्त टाइलमध्ये प्लॅस्टिकच्या गिट्टीवर बसवलेला दांडा हलतो, पक्क्या भिंतीत नीट अँकर केलेला हलत नाही. टॉवेलचा दांडा पकडीच्या जागी बसवला असेल तर तो धोक्याचाच समजा, कारण तोल गेला की हात आधी त्यालाच लागतो आणि तो उपटून हातात येतो.

कमोडच्या सीटची उंची जमिनीपासून 17 ते 19 इंच हवी. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यांना याहून खाली बसवत नाही, आणि बसलं तरी उठवत नाही. वरून बसवायची उंच सीट लावली असेल तर ती डावी-उजवीकडे हलवून बघा. क्लॅम्प सैल झाले की ती घसरते.

आपल्याकडची बरीच आजी-आजोबा मंडळी शॉवरखाली आंघोळ करत नाहीत, बादली-तांब्याच लागतो. त्यामुळे हात असलेली, रबरी पायांची खुर्ची आणि बादली ठेवायला वेगळं स्टूल मागा. बादली जमिनीवर असली की प्रत्येक तांब्याला आई खाली वाकणार. तोल जायची भीती तिथेच. खुर्चीच्या जागेवर दोन तांबे पाणी ओता आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघा. पाणी साचलं असेल किंवा कमोडकडे वाहत असेल तर उतार चुकलेला आहे, आणि उतार नंतर कोणी सुधारून देत नाही.

कमोडशेजारी बेलची दोरी असते. तिचं टोक जमिनीपासून चार-सहा इंचांवर लोंबत असलं पाहिजे. पडलेल्या माणसाचा हात तिथवरच पोचतो. साफसफाई करताना ही दोरी गुंडाळून वर अडकवायची सवय जवळपास सगळीकडे असते, तेवढं नक्की तपासा.

आता दुसरी भेट रात्री साडेनऊला ठेवा. मजल्यावर किती मावशी जाग्या आहेत, त्या कुठे बसतात, त्यांच्याकडे किती खोल्या आहेत हे विचारा. बेल दाबा आणि घड्याळ बघा. दोन-तीन मिनिटांत कोणी आलं तर ठीक. पाच मिनिटं झाली तर समजा की आई वाट न बघता एकटीच उठेल. बहुतेक ठिकाणी सकाळी आणि रात्री आठच्या सुमाराला पाळी बदलते, तेव्हा जाणाऱ्या मावशीला घाई असते आणि येणारी अजून कपडे बदलत असते. त्या वीस मिनिटांत मजल्यावर कोण असतं, हे नेमकं विचारा. ‘सगळे असतात’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

पलंगाची उंची अशी हवी की काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. साधारण 18 ते 20 इंच. उठल्यावर एक-दोन मिनिटं काठावर बसून मगच उभं राहायचं, कारण आडव्याचं एकदम उभं झाल्यावर रक्तदाब खाली येतो. पलंगाला पूर्ण लांबीचे कठडे लावून घेऊ नका. घरच्यांना ते सुरक्षित वाटतात, पण घाईची लागलेला माणूस त्यावरून चढून उतरतो आणि जास्त उंचीवरून पडतो. उशाकडचा अर्धा कठडा पुरतो, उठताना धरायलाही होतो.

प्रश्न : महिन्याचं शुल्क सांगतात ते ‘सर्वसमावेशक’ म्हणून. तरीही बिल वाढतं अशी तक्रार ऐकतो. करारात काय बघायचं? — वाचक, नेरुळ

‘सर्वसमावेशक’मध्ये बहुतेक खोली, जेवण, चहा-नाश्ता, साफसफाई, धुलाई आणि सामाईक नर्सिंग एवढंच धरलेलं असतं. औषधं, डायपर, अंडरपॅड, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, तज्ज्ञ डॉक्टरांची फी, रुग्णालयात सोबत जाणारा माणूस, स्वतंत्र अटेंडंट हे सगळं वर.

एकट्या डायपरचा हिशोब करा. दिवसाला चार म्हणजे महिन्याला 120. नग 40 रुपयांचा धरला तर 4,800 रुपये. डायपर तुम्ही आणून दिले तर चालतील का, हे विचारून करारात लिहून घ्या. चालत असतील तर दर आठवड्याला किती वापरले याची नोंद मागा. चारऐवजी दोनच वापरले जात असतील तर पैसे वाचले म्हणून समाधान मानू नका, त्वचा जाणार आहे.

खरा धक्का बसतो तो काळजीची पातळी बदलल्यावर. आत येताना माणूस स्वतः जेवतो, चालतो, म्हणून दर कमी लागतो. सहा महिन्यांनी आंघोळीला मदत लागली की दुसरा दर, अंथरुणाला खिळला की तिसरा. तिन्ही दर आजच लिहून घ्या. पातळी कोण ठरवणार, तुम्हाला किती दिवस आधी कळवणार आणि पटलं नाही तर काय, हेही. वार्षिक वाढ टक्क्यांत लिहिलेली हवी. ‘व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार’ या शब्दांवर सही करू नका.

अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळणार, खोलीची रंगरंगोटी त्यातून कापणार का? रुग्णालयात वीस दिवस गेले तर त्या दिवसांचं जेवणाचं शुल्क वजा होणार का, आणि खोली किती दिवस राखून ठेवणार? आणखी एक कलम लोक विसरतात. दोघे मिळून राहत असतील आणि एक जण गेला, तर उरलेल्या व्यक्तीला एकटीचा दर कधीपासून लागणार? त्या आठवड्यात हा विषय कोणाला काढवत नाही, म्हणून तो आधीच मिटवा.

शक्य असेल तर महिनाभर राहून बघण्याचा पर्याय घ्या, अनामत न भरता. पंधरा दिवस कमी पडतात. पहिला आठवडा पाहुण्यासारखा जातो.

प्रश्न : बाबांना मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन. थायरॉइडची गोळीही आहे. घरी आई सगळं सांभाळायची. निवासात वेळा जमतील का? एकादशीचा उपासही ते सोडत नाहीत. — वाचिका, खारघर

जमतील, पण निवासाचं वेळापत्रक आणि बाबांचं औषध एका कागदावर समोरासमोर मांडावं लागेल.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहाआधी किमान अर्धा तास जाऊ द्यायचा. निवासात सकाळी साडेसहाला चहाची ट्रॉली फिरते आणि गोळ्या आठला वाटतात, म्हणजे गोळी चहानंतर पोटात जाते. यावर सोपा उपाय म्हणजे ही एक गोळी पहाटेच्या पाळीच्या सिस्टरने सहाला द्यायची, असं औषधाच्या तक्त्यात लिहून घ्यायचं. कॅल्शियमची गोळी असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं.

इन्सुलिन कुठलं आहे ते डॉक्टरांकडून लिहून आणा. काही प्रकार जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे असतात, काही ताट समोर आल्यावर. सिस्टर सगळ्यांना एका फेरीत टोचून पुढे गेली आणि जेवण पाऊण तास उशिरा आलं, की साखर घसरते. घाम, थरथर, बरळणं दिसलं आणि साखर 70च्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णालय. ग्लुकोमीटर आणि साखरेची छोटी बरणी खोलीतच असू द्या.

वापरात असलेलं पेन 30 अंशांखालच्या तापमानात ठेवायचं असतं आणि बहुतेक प्रकार उघडल्यापासून 28 दिवस चालतात. एप्रिल-मेमध्ये एसी बंद ठेवलेली खारघरची खोली 30च्या वर जातेच. पेनवर उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहा. फ्रिजमधला साठा 2 ते 8 अंशांत, फ्रीजरच्या कप्प्याला न चिकटता. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं.

रात्रीचं जेवण साडेसातला आणि नाश्ता साडेआठला म्हणजे मध्ये तेरा तास. झोपताना कपभर दूध किंवा डॉक्टर सांगतील ते ठरवून घ्या.

एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीने साखर झपाट्याने चढते. भगरीतही पिष्ट असतंच, पण थोडी भगर, दाण्याची आमटी, दही, काकडी असं ताट जास्त सोसवतं. उपासाच्या दिवशी इन्सुलिनचा डोस किती, हे आधी डॉक्टरांना विचारून तक्त्यावर लिहून ठेवा. बाबा ऐनवेळी सिस्टरला ‘आज उपास आहे’ म्हणतील आणि ती रोजचाच डोस देईल.

आणि वरण पातळ असतं का ते चाखून बघा. ज्येष्ठांना किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. मोठ्या स्वयंपाकघरातलं वरण बहुतेक वेळा पाणीच असतं. उसळ, अंडं, दही, पनीर यांतलं काहीतरी दोन्ही जेवणांत हवं.

प्रश्न : मिस्टरांना पार्किन्सन आहे, मी ठणठणीत आहे. आम्ही एकाच खोलीत राहावं का? — वाचिका, पाचपाखाडी

एकाच खोलीत राहा, पण रात्रीची मदतनीस वेगळी घ्या. रात्री चारदा तुम्हीच उठणार असाल तर निवासात जाऊन तुमचं काय हलकं झालं? दोन पलंग वेगळे मागा, मध्ये तीन फूट जागा, म्हणजे व्हीलचेअर पलंगापर्यंत नेता येते आणि त्यांना उठवताना मावशीला दोन्ही बाजूंनी उभं राहता येतं.

पार्किन्सनमध्ये सगळा दिवस लेव्होडोपाच्या गोळीच्या वेळेवर चालतो. त्यांची गोळी 7, 11, 3, 7 अशी असेल आणि निवासाची फेरी 8, 2, 8 अशी असेल, तर फेरीत बसवायला साफ नकार द्या. अर्धा-पाऊण तास उशीर झाला की शरीर ताठरतं, कूस बदलता येत नाही, घास गिळताना अडकतो. मग लोक म्हणतात आजार वाढला. गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यायची, कारण डाळ-दही-पनीरमधली प्रथिनं तिचं शोषण कमी करतात.

फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहा : मेटोक्लोप्रमाइड आणि हालोपेरिडॉल देऊ नये. उलटीसाठी किंवा रात्रीच्या अस्वस्थपणासाठी ही औषधं सहज दिली जातात आणि पार्किन्सनच्या माणसाला त्यांनी जागेवर खिळल्यासारखं होतं.

दारात पाय चिकटल्यासारखे थांबत असतील तर ओढू नका. दाराआधी जमिनीवर फूटभर अंतरावर रंगीत पट्ट्या चिकटवून घ्या आणि ‘पट्टी ओलांडा’ म्हणा. पाय उचलला जातो.

तुम्ही स्वतः मात्र आठवड्यातून दोनदा बाहेर पडा. गडकरी रंगायतन, तलावपाळी, बहिणीकडे, कुठेही.

प्रश्न : धुलाईत आईचे कपडे हरवतात, दुसऱ्याचे येतात. — वाचक, ऐरोली

शाईने लिहिलेलं नाव गरम पाण्यात उडतं. कापडी पट्टीवर खोली क्रमांक भरतकामाने किंवा शिवून घ्या, गाउनला मानेमागे, परकराला नाडीजवळ, साडीला पदराच्या आतल्या टोकाला. सात जोड पुरतात. पावसाळ्यात दहा ठेवा, सुती कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. सिल्क, लोकर आणि आईची आवडती नऊवारी सामाईक धुलाईत देऊ नका.

प्रश्न : खर्चासाठी वाशीचा फ्लॅट वापरायचा आहे. मुलगा म्हणतो आधी त्याच्या नावावर करा, मग तो पैसे भरेल. दुसरा पर्याय रिव्हर्स मॉर्टगेजचा, म्हणजे घर बँकेकडे गहाण ठेवून तिच्याकडून ठरावीक रक्कम घेत राहण्याचा. — वाचक, वाशी

फ्लॅट भाड्याने द्या आणि भाडं तुमच्याच खात्यात येऊ द्या, हा सगळ्यात साधा मार्ग. रिव्हर्स मॉर्टगेज तुम्ही त्या घरात राहत असाल तरच चालतं. कायमचं घर सोडलं की कर्ज परतफेडीला येतं, म्हणून निवासात जाणाऱ्याच्या ते उपयोगाचं नाही.

मुलाला बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘आमचा सांभाळ व निवासाचा खर्च करील’ ही अट त्यात स्पष्ट लिहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार अशी अट मोडली गेल्यास न्यायाधिकरणाकडून हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नसेल तर लढाई अवघड होते. मुलावर विश्वास असला तरी लिहा.

प्रश्न : अचानक काही झालं तर? निवास गायमुखच्या बाजूला आहे. — वाचक, ठाणे

निवासापासून रुग्णालयापर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका. सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला स्वतः गाडीने जाऊन वेळ मोजा. गायमुख घाटात अवजड वाहनं अडकली की तोच रस्ता तिप्पट वेळ घेतो. अर्धांगवायूत गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं, आणि त्यात सीटी स्कॅनचा वेळही धरायचा असतो. जवळच्या कुठल्या रुग्णालयात चोवीस तास सीटी आहे, ते निवासाला तोंडपाठ हवं. स्वतःची रुग्णवाहिका नसेल तर 108.

लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं जातं का, हे प्रत्यक्ष घालून दाखवायला सांगा. महागड्या इमारतींतही ते कधीकधी जात नाही आणि रुग्णाला खुर्चीत बसवून उतरवावं लागतं.

पडल्यावर डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस नीट बोलत असला तरी त्याच दिवशी सीटी. ‘उद्या बघू’ हा निर्णय निवासाने घ्यायचा नाही, हे लिहून द्या.

खोलीच्या कपाटात एक फाइल असावी. आधारची प्रत, विम्याचं कार्ड, औषधांची ताजी यादी, ॲलर्जी, दोन नातेवाइकांचे नंबर. 70 वर्षं पूर्ण झाली असतील तर आयुष्मान कार्ड काढून ठेवा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयांत. अखेरच्या आजारात व्हेंटिलेटर नको असं त्यांचं स्पष्ट मत असेल, तर ते कागदावर लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ही पद्धत सोपी केली आहे. त्याचीही प्रत फाइलमध्ये ठेवा.

प्रश्न : दीड दिवसाच्या गणपतीला आजीला घरी आणायचंय. तिला व्हीलचेअर लागते. निवासवाले टाळाटाळ करतात. — वाचिका, बेलापूर

आणा. दोन दिवस आधी लेखी कळवलं की बहुतेकांची हरकत राहत नाही. त्यांना भीती असते ती औषध चुकण्याची, म्हणून तीन दिवसांच्या गोळ्या वेळेनुसार पाकिटांत भरून मागा, वर तारीख आणि वेळ. एक दिवस जास्तीचा, कारण विसर्जनाच्या दिवशी रस्ते कधी मोकळे होतील ते सांगता येत नाही.

घरी दोनच गोष्टींची तयारी लागते. कमोड खुर्ची दोन दिवस भाड्याने आणा आणि आजीच्या पलंगाला लागून ठेवा, घरच्या बाथरूमचं दार व्हीलचेअरला पुरणार नाही. आणि तिची बसायची जागा गणपतीसमोर, पण वाटेत नको. हातांची खुर्ची, पाठीला उशी, पायाखाली पाट. दुपारी दोन तास तिला आतल्या खोलीत झोपू द्या, पाहुणे कितीही आले तरी. मोदक मऊ हवा, उकडीचा, कुस्करून साजूक तुपाबरोबर. कवळी असेल तर नारळाचा चोथा खाली अडकून हिरडी सोलवटते, तेव्हा जेवणानंतर कवळी काढून धुवा.

परतताना उजेडात पोचवा. अंधार पडल्यावर खोलीत सोडलं की ती रात्र बहुतेक सगळ्यांना जड जाते. पोचल्यावर लगेच न निघता तिच्याबरोबर निवासातला चारचा चहा घ्या.